बाईंचे तीन तास

"किती लांब आहे हो?" असं कुणी विचारलं की बाई चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघत आणि उलट विचारत, "कुठलं लांब सांगू? दोऱ्याचं, विमानाचं, की तुमचं?"

तिकिटांच्या त्या ऑफिसात एकतीस वर्षं हेच चाललं होतं. नवखं गिऱ्हाईक गोंधळून जाई. जुनी मंडळी मात्र खुर्ची ओढून आरामात बसत, कारण आता दहा मिनिटं शाळा भरणार हे त्यांना ठाऊक असे. बाईंच्या टेबलावर पृथ्वीचा एक गोल होता. पृथ्वी मुळातच कललेली, त्यात हा एकदा फरशीवर आपटून आणखी कललेला. त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याला लाल लोकरीचा दोरा अडकवलेला असे. एका शहरावर अंगठा, दुसऱ्या शहरावर तर्जनी, मध्ये ताणलेला दोरा, झालं दोऱ्याचं अंतर. बहुतेक वेळा दोरा भलताच वर चढून बर्फावरून जाई आणि गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठ्या पडत.

"अहो, भिंतीवरच्या नकाशात तर सरळ रेघ दिसते. हे विमान तिकडे वर कशाला तडमडायला जातं?"

"नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही," बाई म्हणत. "विमानवाले कागदावरून उडत नाहीत."

दोऱ्याचं अंतर किलोमीटरमध्ये. विमानाचं तासांमध्ये, म्हणजे हवेतले तास आणि मधल्या शहरी विमान बदलायला थांबावं लागतं ते. आणि तिसरं तुमचं, म्हणजे घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दारावरची बेल वाजवेपर्यंतचं. "हेच तेवढं खरं," बाई बजावत. "बाकीची दोन गप्पा मारायला." शेवटी पाळी येई घड्याळाची. पूर्वेला गेलं की तारीख पुढे पळते, पश्चिमेला गेलं की रेंगाळते. सकाळी निघून त्याच दिवशी सकाळी पोचलात म्हणून विमान जादूचं ठरत नाही. हे बाईंनी आयुष्यात किती जणांना समजावलं असेल याला गणती नाही.

बोलण्याचा सूर कायम एकाच पट्टीतला. लग्नाला जाणारा असो नाहीतर मयताला, बाईंचा आवाज तसूभर वर-खाली होत नसे. काहींना तो कोरडा वाटे. मालक म्हणत, "आमच्या बाई म्हणजे स्टेशनवरची घोषणा." मालक म्हणजे ऑफिसचे मालक. गोल पोटाचे, बोलघेवडे, स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणारे. त्यांचा लाडका विनोद बाईंच्या तीन तासांवर होता.

ते तीन तास असे. मधल्या शहरी एक विमान सोडून दुसरं पकडायला विमान कंपन्या तासाभराची सवडही पुरेशी धरतात. कागदावर ती पुरतेसुद्धा. बाई मात्र तीन तासांपेक्षा कमी सवडीचं तिकीट विकत नसत. गिऱ्हाईक हातापाया पडो, चिडो, समोरच्या ऑफिसात जायची धमकी देवो. "जा," बाई शांतपणे म्हणत, "आणि पळायचे बूट घालून जा." मग मालक गिऱ्हाइकाला डोळा मारत. "यांना न्यायला थेट स्वर्गातून विमान आलं ना, तरी मध्ये कुठेतरी तीन तास थांबवतील बघा!"

सगळे हसत. बाईही ओठ जरा हलवत.

हा नेम कुठून आला ते जगात दोघांनाच माहीत होतं, बाईंना आणि कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला. एकवीस वर्षांपूर्वी चष्मेवाला एका सकाळी धापा टाकत ऑफिसात आला होता. त्याची आई दूर भावाकडे होती, तिचं आता काही खरं नव्हतं. बाई तेव्हा सदतिशीच्या. आपल्याइतकी चटपटीत तिकिटं कुणी काढत नाही याचा थोडा तोराही होता. त्यांनी पन्नास मिनिटांच्या सवडीचं तिकीट काढून दिलं. वर शब्दही दिला, "उद्या दुपारी आईपाशी असाल." पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. दुसरं त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. त्या मार्गावर तेव्हा दिवसाला एकच विमान होतं. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

महिन्याभराने तो दारात दिसला. त्याने ऑफिस डोक्यावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमची काही चूक नाही, बाई. विमान उशिरा सुटलं." न वापरलेला बोर्डिंग पास त्याने टेबलावर ठेवला, हा माझ्या काही कामाचा नाही म्हणाला आणि गेला. बाईंनी तो पास टेबलाच्या काचेखाली सरकवला. तो अजून तिथेच होता, अक्षरं उडून पांढराफटक झालेला. तेव्हापासून बाईंचे सगळे चष्मे त्याच्याच दुकानातले. दर दोन वर्षांनी नंबर वाढे. तो डोळे तपासे, काचा घासून देई, आणि दोघंही हवापाण्याचं बोलत.

घरी बाईंच्या दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. एक खोली आईची आणि एक बाईंची, अशी वाटणी वर्षानुवर्षं होती. मोठी बहीण, ताई, लग्न करून पृथ्वीच्या पार पलीकडे गेली. दोऱ्याने मोजलं तर अकरा हजार आठशे किलोमीटर. गोलावर वीतभर आणि वर चार बोटं. थेट विमान नाही. मधल्या शहरावरून जायचं, हवेतलेच साडेसोळा तास. घड्याळ साडेसात तास पुढे.

"मी तुझ्याहून सात वर्षं आणि साडेसात तासांनी मोठी आहे," ताई फोनवर म्हणायची, "तेव्हा माझं ऐकत जा, धाकटे."

साऱ्या जगाच्या बाई ताईच्या तोंडी धाकटी होत्या. दर रविवारी फोन व्हायचा. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. इकडचं-तिकडचं झालं की ताईचा ठरलेला प्रश्न यायचा, "कधी येतेस?" आधी आईचं निमित्त होतं. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून जाणार कसं? दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि निमित्त संपलं. पण बाईंना उठवेना. अर्ध्या शहराला ताईच्या गावी धाडत आलेल्या या बाई स्वतः विमानात बसल्या होत्या फक्त दोनदा, दोन्ही वेळा ऑफिसच्या कामाला आणि दोन्ही वेळा तासाभराच्या अंतरावर. ताईने मागे लागून व्हिसा तेवढा करून घ्यायला लावला. तीन वर्षांचा. पासपोर्ट कपाटात आईच्या दुलईच्या घडीत पडून राहिला.

दुलईचंही ताईने सांगून ठेवलं होतं. "येशील तेव्हा आईची दुलई घेऊन ये गं. इथली पांघरुणं कसली, फुंकर मारली तर उडून जातील. अंगावर काही आहे असं वाटतच नाही."

"आणीन," बाई म्हणत. पुढच्या वर्षी, असंही म्हणत.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसात भाचीचा फोन आला. भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, तिशी ओलांडलेली, आवाजात ताईचीच घासलेली किनार.

"मावशी, आईने तुला सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "फोनवर ती पित्त म्हणायची ना, पित्त नव्हतं ते. पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस. फार तर तीन. शुद्धीवर आहे, बोलतेय. तुझं नाव काढतेय. तू ये."

"बरं," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला. समोरच्या गिऱ्हाइकाचं तिकीट अर्धवट होतं ते पुरं केलं, पासपोर्टवरचं नाव तिकिटावरच्या नावाशी दोनदा ताडून पाहिलं, सामान किती किलो चालेल ते सांगितलं. तो माणूस गेल्यावर बाई काही वेळ काचेखालच्या कागदांकडे बघत बसल्या. आपल्याला रडू यायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. ते आलं नाही. हातपाय आपले वाटत नव्हते एवढंच. मग त्यांनी कॉम्प्युटर जवळ ओढला आणि स्वतःचं नाव टाइप केलं. एकतीस वर्षांत या मार्गावर हे नाव पहिल्यांदाच पडत होतं.

बुधवारी सकाळी आठ वीसचं विमान होतं. साडेसात तासांनी मधलं शहर. तिथून पुढे ताईच्या गावाला दोन विमानं. पहिलं एक तास वीस मिनिटांनी. ते गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला उतरत होतं. दुसरं सहा तास दहा मिनिटांनी. ते गुरुवारी दुपारी अडीचला. जागा दोन्हींत होत्या.

मालक मागे येऊन उभे राहिले. काय झालंय ते त्यांना बाईंच्या पाठीवरूनच कळलं असावं, कारण त्यांना एकही विनोद सुचत नव्हता.

"सकाळचं घ्या की, बाई."

"एक तास वीस मिनिटं आहेत."

"पुरतात हो. सगळे पकडतात."

"सुटलं तर?"

मालक घुटमळले. तिकिटांच्या बाबतीत बाईंपुढे त्यांची डाळ कधी शिजली नव्हती, आणि आजच्या दिवशी वाद घालायचा त्यांना धीर होईना. बाईंसाठी पाणी आणतो म्हणाले आणि आत गेले. ते पेला घेऊन परत येईपर्यंत बाईंचं बोट अडीचच्या विमानावर पडून तिकीट निघालेलं होतं. विचार करून निघालं असं म्हणता येणार नाही. बोटाला वळण पडलेलं होतं, ते त्या वळणाने गेलं.

घरी आल्यावर त्यांनी दुलई काढली. घडीतून पासपोर्ट खाली पडला. दुलई जाडजूड, आईने जुन्या कपड्यांचे थर घालून शिवलेली. हातातल्या बॅगेत ती कोंबून पाहिली तर चेन अर्ध्यावर अडली. मग माळ्यावरची मोठी बॅग काढली, पुसली, आणि तीत दुलई, चार कपडे नि औषधं भरली. पहाटे विमानतळावर मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली. ती थेट ताईच्या गावी मिळेल, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. हे वाक्य बाईंना नवीन नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतल्यासारखी मान डोलावली.

विमानात समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर पांढरं विमान मुंगीच्या पावलाने सरकत होतं आणि खाली आकडे. उरलेलं अंतर पाच हजार नऊशे. उरलेला वेळ सहा तास पन्नास मिनिटं. शेजारचे लोक सिनेमे बघत होते. बाई आकडे बघत राहिल्या. ताईची आठवण काढून पाहावी म्हणून त्यांनी डोळे मिटले, तर ताईचा चेहरा येईचना. एकसारखा फोनचा रिसीव्हर डोळ्यांपुढे यायचा. ताईला शेवटचं पाहून अकरा वर्षं झाली होती. जेवण आलं, ते सगळं खाल्लं. चव कळली नाही, पण ताटलीत काही उरलं नाही.

मधल्या शहरी विमान वीस मिनिटं आधीच उतरलं.

बाई विमानाला जोडलेला पूल ओलांडून आत आल्या आणि वरच्या फलकाकडे पाहिलं. ताईच्या गावाचं पहिलं विमान वेळेवर होतं. सुटायला एक तास चाळीस मिनिटं होती. दार क्रमांक चौदा. बाई उभ्या होत्या ते दार बारा. मधे एक पुस्तकांचं दुकान आणि पाण्याचा नळ. पळायच्या बुटांची गरज नव्हती. चपला फरपटत गेलं तरी तीन मिनिटं लागली नसती.

त्या चौदा नंबरला गेल्या. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, केस चापूनचोपून बसवलेली.

"या विमानात जागा आहे का?" बाईंनी विचारलं.

मुलीने तिकीट घेतलं, बटणं दाबली. "अकरा जागा आहेत. तुमचं पुढच्या विमानाचं आहे. बदलून हवंय?"

"हो."

"सामान टाकलंय का, की सगळं हातात आहे?"

बाईंना पुढचं सगळं तिथेच कळलं. हा प्रश्न त्या स्वतः हजार वेळा विचारून चुकल्या होत्या आणि पुढचं उत्तरही हजार वेळा देऊन चुकल्या होत्या.

"एक बॅग आहे," त्या म्हणाल्या.

"मग नाही जमणार हो. ती पुढच्या विमानाच्या गाडीत गेलीय. आपणहून बदलायचं तर माणूस एका विमानात आणि बॅग दुसऱ्यात, असं आम्हाला करता येत नाही. सुरक्षेचा नियम आहे."

"माझी बहीण..." बाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. त्यांच्या टेबलापाशी असं किती जणांनी सुरुवात केली होती. माझा मुलगा, माझे वडील, माझं ऑपरेशन. बाईंनी प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतलं होतं आणि मग नियम सांगितला होता.

"मला वाईट वाटतं," मुलगी म्हणाली. आवाज एकाच पट्टीतला होता.

"तुमची काही चूक नाही," बाई म्हणाल्या.

त्या चौदा नंबरसमोरच्या खुर्चीत बसल्या. लोक रांगेत उभे राहिले, आत गेले, दार बंद झालं. काचेपलीकडे विमान मागे सरकलं, वळलं आणि वेळेवर, अगदी मिनिटावर, निघून गेलं. अकरा जागा रिकाम्या घेऊन. बाईंना कुणी विचारलं असतं की काय वाटतंय, तर त्यांनी सांगितलं असतं, पाय सुजलेत.

पुढचे पाच तास त्या तिथेच होत्या. विमानतळावरच्या काचेआडून दिवस आहे की रात्र ते फारसं कळत नाही. सफाईवाल्याने दोनदा त्यांच्या पायांखालून झाडू फिरवला, त्यांनी दोनदा पाय उचलले. पाण्याच्या नळापाशी जाऊन पाणी प्यायल्या. मग त्यांच्या विमानाचं दार उघडलं. आत गेल्यावर दिसलं की विमान अर्धंही भरलेलं नाही. त्यांच्या रांगेत त्या एकट्याच होत्या, मागच्या रांगेत कुणी नाही, त्याच्या मागे दोघं.

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

सकाळचं तिकीट काढलं असतं आणि समजा पहिलं विमान चुकलं असतं, तर विमानवाल्यांनी त्यांना पुढच्या विमानात बसवलं असतं. म्हणजे ह्याच. ह्याच रिकाम्या रांगेत, पोचायची वेळही हीच, दुपारी अडीच. चुकलं असतं तरी काहीच चुकणार नव्हतं. चष्मेवाल्याच्या वेळी दिवसाला एक विमान होतं म्हणून तीन तास. इथे दोन होती. हे कुठलंही शेंबडं पोर सांगू शकलं असतं. मालकांनाही ते माहीत असणार, म्हणून तर ते घुटमळले होते. एकतीस वर्षं लोकांना अंतराचा धडा शिकवणाऱ्या बाईंना ते मंगळवारी टेबलाशी बसून दिसलं नव्हतं.

त्यांनी पट्टा आवळून घेतला. आता छाती भरून येईल, हुंदका फुटेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तसं काही झालं नाही. समोरचा पडदा पेटला आणि आकडे सुरू झाले. उरलेलं अंतर सात हजार. त्या ते आकडे नऊ तास बघत होत्या.

बाहेर पडायच्या दाराशी भाची उभी होती. तिला बघितल्या क्षणी बाईंना कळलं, कारण ताई असती तर ही तिच्या पलंगापासून हलली नसती.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"सव्वा वाजता."

बाईंनी मान हलवली. भाचीने मोठी बॅग त्यांच्या हातातून घेतली. गाडीत दोघी मागे बसल्या. रस्ते रुंद होते, झाडं एका मापाने कापलेली. बाईंच्या डोक्यात त्यांना नको असताना हिशेब सुरू झाला. नऊ चाळीसला उतरले असते. पासपोर्टची रांग, बॅग, चाळीस मिनिटं. मग हा रस्ता, पाऊण तास. लिफ्ट, वॉर्ड, दार. साडेअकराला, फार तर, ताईपाशी असते. सव्वा वाजेपर्यंत पावणेदोन तास. पावणेदोन तासांत काय बोललो असतो, हे त्यांना काही केल्या सुचेना.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी ताईला पाहिलं. जो चेहरा विमानात येत नव्हता तो हा. खूप लहान झाला होता. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. नर्स दारात येऊन गेली, परत आली, मग खुर्ची ठेवून गेली. बाईंनी हात सोडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण तिला काहीच म्हटलं नाही.

संध्याकाळी दोघी ताईच्या घरी आल्या. भाचीने चहा केला. ताईची खोली तशीच होती. पलंगावर ते पातळ, बिनवजनाचं पांघरूण, उशाशी चष्मा, आणि एका चिठ्ठीवर भाचीच्या अक्षरात बाईंच्या विमानाचा नंबर आणि वेळ. अडीच. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. भाची खाली, पलंगाला पाठ टेकून.

चहा निम्मा झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, सकाळच्या विमानात जागा नव्हती ना?"

"नव्हती," बाई म्हणाल्या. "भरलं होतं."

एकतीस वर्षांत त्यांनी बऱ्याच गोष्टी लोकांपासून लपवल्या असतील, पण जागा आहे की नाही याबाबत त्या आजवर कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," भाची म्हणाली. "मीही आईला तेच सांगितलं. आज सकाळी जागी झाली तशी विचारायला लागली, धाकटी किती वाजता उतरते. मी म्हटलं, अडीचला, सकाळचं भरलं होतं."

"मग?"

"हसली." भाचीने कप खाली ठेवला. "म्हणाली, भरलं-बिरलं काही नसणार गं. तिने तिचे तीन तास ठेवले असतील. ठेवू दे. येईल तेव्हा नक्की येईल."

बाईंनी उशाशी पडलेली चिठ्ठी उचलून वाचली. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अकरा जागा होत्या."

"माहीत आहे," भाची म्हणाली. "मी फोनवर बघितल्या होत्या."

खोलीत गार व्हायला लागलं होतं. बाई उठल्या, बॅग उघडली आणि दुलई बाहेर काढली. भाची दोन रात्री झोपली नव्हती. तिचे डोळे मिटायला आले होते. बाईंनी तिला हाताला धरून ताईच्या पलंगावर आडवं केलं. पातळ पांघरूण बाजूला सारून दुलई तिच्या अंगावर घातली आणि खांद्यांपाशी दाबून बसवली.

"केवढी जड आहे गं ही, मावशी," भाची डोळे मिटूनच म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर हातात घेता आली नाही."